अणुकेंद्रकांच्या टकरींवर संशोधन करायचंय: बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून काय करावं?

राजापूर तालुक्यातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी रत्नागिरीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय फिजिक्स. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत, ॲलिस नावाच्या प्रयोगात शिशाची अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळवतात, हे तिच्या वाचनात आलं आणि तेव्हापासून ‘मला हेच करायचंय’ म्हणून ती हटून बसली आहे. घरी आंब्याची कलमं, उत्पन्न मोसमावर. नातेवाईक म्हणतात, बी.एड. कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. आई विचारतात: इंजिनिअरिंगला न पाठवून चूक झाली का? ‘न्यूक्लियर’ म्हणजे किरणोत्सर्गाचा धोका किती? वर्षं किती, खर्च किती? शेवटी नोकरी लागते का? आणि आम्ही ओबीसी आहोत, त्याचा प्रवेशाला काही उपयोग होतो का?

ताई, नमस्कार.

धोक्याचं आधी सांगते. तुमच्या भागात ‘न्यूक्लियर’ म्हटलं की जैतापूर आठवणं साहजिक आहे. पण अणुभट्टीत युरेनियमची साखळी अभिक्रिया सतत चालू ठेवून उष्णता काढतात, आणि इथे तसलं काही नाही. २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात शिशाची केंद्रकं, प्रत्येकात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं समोरासमोर सोडतात. एका टकरीची ऊर्जा केंद्रकाच्या मानानं अफाट असते, पण ज्यूलमध्ये मोजली तर एका ज्यूलचा हजारावा भागही भरत नाही. तेवढ्या ऊर्जेनं प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून त्यांच्या आतले क्वार्क आणि ग्लुऑन हे कण मोकळे होतात. विश्वाच्या सुरुवातीच्या काही मायक्रोसेकंदांत पदार्थ असाच होता, म्हणून हा सारा खटाटोप. बीम म्हणजे केंद्रकांचा झोत; तो बंद केला की टकरी थांबतात. बीम चालू असताना डिटेक्टरच्या, म्हणजे टकरीतून निघणारे कण टिपणाऱ्या यंत्राच्या, भुयारात कुणालाच जाता येत नाही, आणि बंद असताना जाणाऱ्याच्या अंगावर किरणोत्सर्ग मोजणारा डोसिमीटर असतो. मुलीचा बहुतेक वेळ संगणकासमोरच जाईल. या बाबतीत निश्चिंत राहा.

इंजिनिअरिंगला पाठवलं नाहीत हे बरंच झालं. डिटेक्टर बांधायला इंजिनिअर लागतात, पण टकरींच्या भौतिकशास्त्रात पीएच.डी. करायला बी.एस्सी. आणि मग एम.एस्सी. हाच सरळ रस्ता आहे.

आता मुलीनं नीट वाचावं असं. ‘सर्नमध्ये संशोधन’ हे शब्द मोठे आहेत, रोजचं काम मात्र फार बारीक असतं. ॲलिसमध्ये सुमारे दोन हजार माणसं आहेत. त्यातल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या वाट्याला एक छोटा प्रश्न येतो, आणि त्यासाठी सी प्लस प्लस किंवा पायथनमध्ये हजारो ओळी लिहिणं, प्रत्येक आकड्यामागची अनिश्चितता शोधणं, तोच आलेख वीस तऱ्हांनी तपासणं, शिवाय डिटेक्टरच्या देखभालीचा वाटा उचलणं आणि शिफ्ट करणं. हे आवडतं की नुसतं नाव आवडतं, ते घरी बसून कळू शकतं, आणि फुकट कळू शकतं. निर्णय त्यानंतर घ्या.

सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर तिथल्याच सीएमएस या दुसऱ्या प्रयोगानं २०११ साली नोंदवलेल्या, दोन-दोन म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण जड कण) सापडलेल्या टकरींची सीएसव्ही फाइल, म्हणजे साधा तक्ता, मिळते. एक लाख ओळी आहेत. साधा लॅपटॉप पुरतो. पावसात वीज आणि नेट दोन्ही जातात, म्हणून फाइल आधीच उतरवून ठेवावी. प्रत्येक ओळीत दोन्ही म्यूऑनांची ऊर्जा, संवेगाचे तीन घटक आणि विद्युतभार दिलेला असतो. दोन्ही ऊर्जांची बेरीज करून तिचा वर्ग घ्यायचा. संवेगाचा प्रत्येक घटक आधी बेरजेत घेऊन त्यांचे वर्ग त्यातून वजा करायचे. वर्गमूळ काढलं की ज्या कणाचे हे दोन म्यूऑन झाले त्याचं वस्तुमान. फाइलमध्ये वस्तुमानाचा तयार रकाना असला तरी तो वापरू नये. आपलं उत्तर आलं की ताडून पाहायला ठेवावा.

पहिल्यांदा आलेख काढताना बहुतेक मुलं वस्तुमानाचे ० ते १२० जीईव्हीचे एकसारखे शंभर कप्पे करतात (जीईव्ही हे कणांच्या वस्तुमानाचं एकक, एमईव्ही त्याचा हजारावा भाग). मग ९१ च्या आसपास झेड कणाचा उंचवटा रुंद आणि ठळक दिसतो, पण ३.१ जीईव्हीचा जे-साय हा कण एकाच कप्प्यात कोंबला जातो आणि ‘काही सापडलं नाही’ असं वाटतं. २ ते ५ जीईव्ही एवढाच भाग घेऊन ०.०२ चे कप्पे करावेत, म्हणजे शिखर वर येतं. मग सारख्या विद्युतभाराच्या जोड्या वेगळ्या काढून बघाव्यात. त्यांत शिखर दिसता कामा नये, कारण विद्युतभार नसलेल्या कणाचे दोन सारखे म्यूऑन होत नाहीत. त्यांत जे उरतं ती योगायोगाच्या जोड्यांची पार्श्वभूमी, आणि ती ओळखता येणं हे या शास्त्रातलं अर्धं काम आहे.

इथे थांबून एक गोष्ट तिनं समजून घ्यावीच. जे-सायच्या शिखराची रुंदी मोजली तर काही दशक एमईव्ही येते. त्या कणाची स्वतःची रुंदी मात्र ०.१ एमईव्हीहूनही कमी आहे. म्हणजे आलेखात दिसते ती कणाची रुंदी नसून डिटेक्टरची मर्यादा आहे. झेडचं वेगळं: त्याची स्वतःचीच रुंदी सुमारे २.५ जीईव्ही आहे, तिथे कण खरोखर रुंद आहे. निसर्गाचं काय आणि यंत्राचं काय, हे वेगळं करणं जिला गोड वाटेल तिनं या वाटेला जरूर जावं. पुढची पायरीही इथूनच निघते. ९.४६, १०.०२ आणि १०.३६ जीईव्हीवर अप्सिलॉन कणाची तीन शिखरं दिसतात. शिशाच्या टकरींत त्यातली वरची दोन फार जास्त दबतात, कारण हे कण म्हणजे क्वार्क-प्रतिक्वार्कच्या जोड्या, आणि सैल बांधलेली जोडी मोकळ्या क्वार्क-ग्लुऑनांच्या त्या तप्त द्रवात टिकत नाही. सीएमएसचं हे मोजमाप या क्षेत्रात आजही आवर्जून दाखवलं जातं.

यावर दोन-तीन महिने, आठवड्याचे पाच-सहा तास द्यावेत. कंटाळा आला तर तोही उपयोगी निष्कर्ष आहे. थिअरी, खगोलशास्त्र, किंवा समुद्राचीच ओढ असेल तर गोव्याच्या दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, हे रस्ते याच पदवीवरून जातात.

आवडलं, तर पुढची खरी चाळणी जॅम. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठीची आयआयटींची ही परीक्षा तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत असते. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. पहिल्या भागात ३० प्रश्न एकच उत्तर निवडायचे आणि त्यातच चुकीला गुण कापतात: एक गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोनच्याला दोन तृतीयांश. दुसऱ्या भागातल्या १० प्रश्नांना एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकतात आणि सगळी निवडली तरच गुण मिळतात. तिसऱ्या भागातल्या २० प्रश्नांना पर्यायच नाहीत, आकडा टाइप करायचा. आपल्याकडच्या हुशार मुली नेमक्या इथेच अडतात. विद्यापीठाच्या परीक्षेसाठी सिद्धता पाठ असते, पण ‘उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत’ म्हटलं की हात थांबतो. म्हणून आत्तापासून रोज चार गणितं शेवटच्या आकड्यापर्यंत सोडवावीत, तीही पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवर, कारण परीक्षेत तोच मिळतो. जुन्या प्रश्नपत्रिका जॅमच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. महागड्या क्लासआधी त्या संपवाव्यात.

आणखी एक दार जवळच आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा निअस हा संशोधनाची ओळख करून देणारा कार्यक्रम पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी चालतो. आत्ताच चौकशी करावी. तिसऱ्या वर्षी उशीर झालेला असेल.

एम.एस्सी. कुठे करायची ते ठरवताना संस्थेच्या नावाइतकंच तिथे या विषयाचा गट आहे का ते बघा. ॲलिसमध्ये आयआयटी मुंबई, आयआयटी इंदूर, भुवनेश्वरची नायसर, कोलकात्याचं व्हीईसीसी, पंजाब, जम्मू, अलिगढ आणि गुवाहाटी विद्यापीठ यांचे गट आहेत; सीएमएसमध्ये मुंबईचीच टीआयएफआर. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, तेव्हा ही वाट परदेशी पदवीवर अडलेली नाही. प्राध्यापकांना पत्र लिहिताना दहा ओळी पुरेत: कुठे शिकते, गुण किती, आणि वरच्या आलेखांतला एक, सोबत कोडची लिंक. ‘आपल्या थोर संशोधनानं प्रेरित होऊन’ अशी ठरावीक मजकुराची पत्रं त्यांच्याकडे ढिगानं येतात आणि तशीच पडून राहतात.

वर्षं आणि पैसा. पदवीनंतर एम.एस्सी.ची दोन, पीएच.डी.ची पाच ते सहा. तुमच्या खिशातून खर्च होणार तो मुख्यतः एम.एस्सी.चा, म्हणजे फी आणि वसतिगृह. पीएच.डी.ला फेलोशिप मिळते: नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० आणि घरभाडं वेगळं. आंब्याचं एखादं वर्ष फुकट गेलं तरी तिचं शिक्षण त्यावर अडणार नाही, एवढं हे पुरेसं आहे.

एक वेळापत्रक तिनं मनाशी ठेवावं. सर्नचं मोठं यंत्र २०२६ च्या मध्यापासून दीर्घ देखभालीसाठी थांबायचं आहे आणि २०३० च्या सुमारास पुन्हा सुरू व्हायचं आहे. मधल्या काळात पीएच.डी. सुरू करणाऱ्याला नवी टक्कर दिसणार नाही, साठवलेला डेटा मात्र भरपूर मिळेल, आणि डिटेक्टर उघडून दुरुस्त करण्याचं काम शिकायची संधीही. गट निवडताना विचारावंच: माझ्या प्रबंधाचा डेटा आज हातात आहे की यायचाय? ‘यायचाय’ असेल तर प्रबंध लांबतो.

नोकरीचं स्पष्ट सांगते. या विषयातल्या कायम संशोधनाच्या जागा भारतात थोड्या आहेत आणि पीएच.डी.नंतर दोन-चार वर्षं कंत्राटी पोस्टडॉक करावं लागतं, बहुधा परदेशात. पण खाली जमीन आहे. एम.एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राची एक वर्षाची प्रशिक्षण शाळा आहे. तिथलाच रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला की कॅन्सर रुग्णालयांत मेडिकल फिजिसिस्टचं काम मिळू शकतं. नेट किंवा सेट झालं तर महाविद्यालयात प्राध्यापकी, आणि डेटा हाताळायची सवय कंपन्यांनाही हवी असते. बी.एड. आणि बँक कुठे पळून जात नाहीत, एम.एस्सी.नंतरही करता येतात. नातेवाइकांना हेच सांगा.

आता ओबीसीचं. जॅमवरून होणाऱ्या प्रवेशात जागा राखीव असतात, पण राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथे चालत नाही. केंद्र सरकारच्या नमुन्यातलं, चालू आर्थिक वर्षातलं नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र लागतं, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. मुलींना जॅमच्या अर्जाचं शुल्क निम्मं आहे. फॉर्म सुटतात सप्टेंबरात, नेमके गणपतीच्या आगेमागे, तेव्हा कचेरीत साहेब भेटत नाहीत. पुढच्या वर्षी जूनमध्येच सेतू केंद्रात अर्ज टाका, आणि आधार, दहावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे मात्र आजच तपासून घ्या.