खोली सोडायचे ३० लाख घ्यावेत का?

गिरगावातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ६३. पती गेल्यापासून चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या १६० चौरस फुटांच्या पागडीच्या (म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या) खोलीत त्या एकट्या राहतात. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी म्हाडाचा उपकर भरणारी जुनी इमारत. नवा मालक खोली सोडण्याचे ३० लाख देतोय, १० चेकने आणि २० रोख. सही महिनाअखेरपर्यंत हवी. दोन महिन्यांपासून वरच्या मजल्यांचं पाणी बंद आहे, जिन्यातले दिवेही. शेजारच्या नव्या इमारतीत ३०० फुटांचं घर सव्वा कोटीला गेलं. मुलगा म्हणतो, पैसे घे आणि बदलापूरला ये. पेन्शन १४ हजार.

ताई, या अटींवर सही करू नका. आणि करार होईपर्यंत खोली रिकामी तर मुळीच करू नका. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार सबळ कारण नसताना जागा सलग सहा महिने वापरात नसेल, तर मालक ताबा मागायला न्यायालयात जाऊ शकतो. पाणी तोडलं की म्हातारी माणसं मुलाकडे जातात, दाराला कुलूप लागतं आणि सहा महिन्यांनी मालकाच्या हातात आयतं कारण पडतं. आज ज्या खोलीचे ३० लाख मिळतायत, तिचे तेव्हा किती मिळतील? बदलापूरला चार दिवस जाऊन या, पण संसार तिथे हलवू नका. वीजबिल, गॅस, रेशनकार्ड, मतदारयादी सगळं गिरगावच्याच पत्त्यावर राहू द्या.

पाणी आणि जिन्यातला उजेड या कायद्याने अत्यावश्यक सेवा आहेत. योग्य कारणाशिवाय त्या तोडणं हा गुन्हा आहे. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात अर्ज करून त्या पुन्हा सुरू करण्याचा आदेश मागता येतो. मजल्यावरच्या चार-पाच बिऱ्हाडांनी मिळून वकील केला तर खर्चही वाटला जाईल. उद्या कुणी जबरदस्तीने कुलूप लावलंच, तर विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याखाली (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा करता येतो. ही मुदत चुकवू नका.

भाडेपावती अजून पतींच्या नावावर आहे, याची काळजी तुम्ही लिहिली आहे. पती गेले तेव्हा तुम्ही त्यांच्यासोबत तिथेच राहत होता, त्यामुळे भाडेकरूपणाचा हक्क तुम्हाला मिळतो. तरी पावती स्वतःच्या नावावर करून देण्याची लेखी मागणी आत्ताच पाठवा. मालक भाडं घ्यायला नाकारत असेल तर मनीऑर्डरने पाठवा आणि पोच जपून ठेवा. थकबाकी हे ताबा मागण्याचं सर्वांत सोपं कारण असतं.

आता पैसे. एका माणसाकडून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. दंड घेणाऱ्याला बसतो, आणि तोही घेतलेल्या रकमेइतका. म्हणजे २० लाखांचा धोका मालकाचा नाही, तुमचा आहे.

सगळे ३० लाख चेकने मिळाले असं धरू. पागडीचा हक्क सोडल्याचे पैसे हा भांडवली नफा. सासऱ्यांनी भरलेली पागडी आजच्या हिशेबात नगण्य, त्यामुळे जवळजवळ सगळी रक्कम नफ्यात धरली जाईल. १२.५ टक्के कर आणि त्या करावरचा उपकर मिळून ३ लाख ९० हजारांपर्यंत जातील. हातात राहिले साधारण २६ लाख. ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले आणि ८.२ टक्के व्याज धरलं, तर महिन्याला १७ हजार ७०० रुपये. तेवढ्या पैशांत गिरगावात भाड्याची खोली मिळणार नाही. त्या रकमेतून ठरलेल्या मुदतीत घर घेतलं तर करात सूट मिळू शकते, पण मग हे व्याज नाही.

दुसरी बाजू. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचं घर मोफत मिळतं, तेही मालकीचं. ते मिळायला दहा वर्षं लागतील आणि भाव सव्वा कोटीच राहील असं धरा. पैसा वर्षाला ८ टक्क्यांनी वाढतो असं धरून हिशेब केला तर त्याचं आजचं मोल ५८ लाख होतं. अर्थात घर मिळालंच तर. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांचा पुनर्विकासाचा करार २००८ चा, आणि पुढे त्यांनी किती वर्षं वाट पाहिली हे मुंबईने पाहिलंय. म्हणून मी ५८ लाखांचा हट्ट धरायला सांगणार नाही. पण ३० लाख म्हणजे घर मिळण्याची शक्यता जेमतेम निम्मी धरल्यासारखं आहे, आणि त्यातलेही २० रोख.

तीन मजले चढणं आणि चाळीचा सामायिक संडास तुम्हाला खरंच झेपत नसेल, तर खोली सोडणं चुकीचं नाही. वयाला किंमत असते. मात्र ४५ लाखांच्या खाली उतरू नका. सगळी रक्कम बँकेतून, करार नोंदणीकृत, आणि किल्ली पैसे खात्यात जमा झाल्यावरच. खोली दुसऱ्याच्या नावे करण्याबद्दल पागडी घेणंही १९९९ च्या कायद्याला मान्य आहे. त्यात मालक साधारण एक तृतीयांश वाटा मागतो, तो वजा जाऊन काय हातात येतं हे दोन दलालांना विचारून घ्या. तो आकडा माहीत असला की मालकाशी बोलणं सोपं जातं.

मुलाला हे पत्र वाचायला द्या आणि वकिलाकडे जाताना सोबत न्या. महिनाअखेरची मुदत मालकाने घातली आहे, कायद्याने नाही.