टोपोशीटवरचा सहा अंकी ग्रिड रेफरन्स कसा वाचायचा?

तुम्ही विचारलंय, की राजगड-तोरणा ट्रेकच्या मेसेजात लीडरने ‘मुक्काम: जीआर ३४७६७२’ एवढंच लिहिलंय. जीआर म्हणजे ग्रिड रेफरन्स, नकाशावरच्या जाळीतला जागेचा पत्ता. हे वाचायचं कसं, आणि सरळ फोनवरचं लोकेशन का नाही पाठवलं?

लोकेशनचं काय, घळीत उतरलात की रेंज गेली. सहा आकडे मात्र कागदावर राहतात, वॉकीटॉकीवरही सांगता येतात.

आता टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढ-उतार दाखवणारा सर्वेक्षणाचा नकाशा, उघडा. उभ्या-आडव्या रेघांची जाळी दिसेल. मी एनसीसीत शिकले तेव्हा ती जांभळी असायची. १:५०,००० च्या शीटवर दोन रेघांमध्ये २ सेंटिमीटर, म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. उभ्या रेघांचे आकडे डावीकडून उजवीकडे वाढतात, ते ईस्टिंग. आडव्यांचे खालून वर वाढतात, ते नॉर्दिंग.

तुमचे आकडे मधोमध तोडा: ३४७ आणि ६७२. ३४ ची उभी रेघ आणि ६७ ची आडवी रेघ जिथे छेदतात, तो तुमच्या चौकोनाचा डावीकडचा खालचा कोपरा. चौकोन त्याच्या उजवीकडे आणि वर. इथेच थांबलात तर ३४६७ हा चार अंकी रेफरन्स झाला. पुढे जायचं तर चौकोनाच्या बाजूचे दहा भाग करा, एकेक भाग २ मिलिमीटरचा. उजवीकडे सात, वर दोन. रोमर (चौकोनाचे दहा भाग मोजायची पारदर्शक पट्टी) असेल तर छानच, नाहीतर कंपासपेटीतली पट्टी पुरते: १४ मिलिमीटर उजवीकडे, ४ मिलिमीटर वर.

सगळा घोळ होतो तो क्रमात. फोनवरच्या नकाशात आधी अक्षांश येतो, म्हणजे उत्तर आधी, पूर्व नंतर. ग्रिडमध्ये बरोबर उलटं. मी स्वतः यात फसलेय. पाण्याच्या टाक्याचा रेफरन्स होता ४८४४६३, आणि मी घाईत आधी नॉर्दिंग धरून ४६३४८४ शोधलं. दोन्ही आकडे एकाच शीटवर सापडतात, त्यामुळे शंकाही आली नाही. जवळजवळ तीन किलोमीटर चुकीच्या सोंडेवर, करवीच्या रानात, दोन बाटल्या रिकाम्या. तेव्हापासून मी स्वतःशी पुटपुटते, ‘आधी पायथ्याने चाल, मग वर चढ.’

दुसरी गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकतात, पण सह्याद्रीत तीच महत्त्वाची. सहा अंकी रेफरन्स म्हणजे टिंब नव्हे, तो १०० मीटर बाय १०० मीटरचा चौकोन असतो. मैदानात १०० मीटर म्हणजे एक हाक. आपल्याकडे त्याच चौकोनात कड्याचा माथाही असतो आणि पायथाही! रेफरन्स बरोबर, तुम्ही बरोबर, आणि मध्ये दीडशे मीटरचा कातळ. म्हणून चौकोनातल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, बघा. या शीटवर त्या दर २० मीटर उंचीला असतात. एकमेकींना चिकटल्या असतील तर लीडरला आधी विचारा, ‘वर की खाली?’

शीटचा नंबरही मागून घ्या. दोन अंकी रेघांचे तेच आकडे दर १०० किलोमीटरनी परत येतात, हे एक कारण. दुसरं तुमच्याच ट्रेकचं. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची शीट अक्षांश-रेखांशाची १५-१५ मिनिटं, म्हणजे पाव-पाव अंश, व्यापते. राजगड ४७ एफ/१२ च्या अगदी वरच्या काठाला आहे आणि तोरणा ४७ एफ/११ वर. एकच शीट घेऊन निघालात तर अर्धी वाट कागदाबाहेर.

फोनच्या ॲपमध्ये यूटीएम नावाची जाळी असते (राजगड-तोरण्याला झोन ४३, नागपूरला ४४). तीही आधी पूर्व, मग उत्तर अशीच वाचतात. पण जुन्या शीटवरची जाळी वेगळ्या मोजणीची आहे, तिचे आकडे यूटीएमशी ताडून बघू नका, जुळणार नाहीत. आणि शीटवर जाळीच नसेल, कडेला नुसते अक्षांश-रेखांश असतील, तर लीडरला तेच पाठवायला सांगा.

निघायच्या आदल्या रात्री हा मुक्काम शीटवर पेन्सिलीने टिंब काढून लीडरला फोटो पाठवा. चुकला असाल तर घरीच कळेल.