हातात माईक घेऊन पायऱ्या चढणारा माणूस

गेल्या अंकात शिकागोतल्या माझ्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य लिहून गेले होते, ‘अमेरिका मला फिल डोनाह्यूने शिकवली.’ एवढ्याशा वाक्यावर बरीच पत्रं आली. म्हणून यावेळचं सगळं सदर त्याच्यासाठीच.

हा डोनाह्यू कोण? आमच्या घरात कोणीच हे नाव ऐकलेलं नाही. तुमची त्याची ओळख कशी? – एक वाचक, चिपळूण

अमेरिकन टीव्हीवर चर्चेचा कार्यक्रम चालवणारा सूत्रधार. ओळख एकतर्फी. तो टीव्हीत, मी समोरच्या सतरंजीवर.

१९७८च्या फेब्रुवारीत, लग्नानंतर दीड महिन्याने मी शिकागोला गेले. बाहेर गुडघाभर बर्फ. हे सकाळी सातला प्रयोगशाळेत जायचे ते अंधार पडल्यावर परतायचे. साताऱ्याच्या शाळेत शिकलेलं माझं इंग्रजी व्याकरणाला पक्कं, पण दुकानातली बाई काय विचारते ते कळायचं नाही, आणि दोनदा ‘काय?’ म्हटल्यावर तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटायची. आधीच्या भाडेकरूने मागे ठेवलेला टीव्ही होता. तो लावला, तर पडद्यावर एक मोठ्या चश्म्याचा, पिकू लागलेल्या दाट केसांचा माणूस प्रेक्षकांमधल्या पायऱ्या दोन-दोन करत चढत होता. वर पोचला आणि माझ्या आईच्या वयाच्या एका बाईच्या तोंडापुढे त्याने माईक धरला. ती उभी राहिली, पाहुण्याला म्हणाली की तुमचं मला पटत नाही, आणि का पटत नाही तेही तिने सांगितलं. मला त्यातलं निम्मं कळलं असेल. पण घर सांभाळणारी बाई चारचौघांत उठून, आवाज न चढवता, ‘पटत नाही’ म्हणते आणि सगळे ऐकून घेतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

डोनाह्यू १९३५चा, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडचा, आयरिश कॅथलिक घरातला. नोत्र दाम विद्यापीठातून १९५७ साली पदवी घेतली, मग रेडिओवर बातम्या. डेटन गावात (राइट बंधूंचं डेटन, तेच) त्याचा रेडिओवर एक फोन-कार्यक्रम होता. दिवसा फोन करणाऱ्या बहुतेक बायकाच. मध्यंतरी हे सगळं सोडून तो काही महिने विक्रेत्याची नोकरीही करून आला. मग त्याच गावातल्या एका टीव्ही केंद्राने त्याला बोलावलं आणि ६ नोव्हेंबर १९६७ला कार्यक्रम सुरू झाला.

पहिला आठवडा सांगते, म्हणजे हे पाणी वेगळं होतं हे लक्षात येईल. सोमवारी मॅडलिन मरे ओ’हेअर, सरकारी शाळांतलं बायबलवाचन बंद पडलं त्या खटल्यांतली एक फिर्यादी, उघड नास्तिक. मंगळवारी अविवाहित पुरुष, बायकांबद्दल बोलायला. बुधवारी बाळंतपणाची फिल्म. गुरुवारी अंत्यसंस्काराचा धंदा करणारा माणूस. शुक्रवारी एक बाहुला, ज्याला मुलाचे सगळे अवयव होते. असं खेळणं असावं की नसावं ते फोन करून कळवा, असं आवाहन केलं, तर फोनच्या लाइनी जाम झाल्या. हे १९६७ सालचं, आणि तेही न्यूयॉर्कमध्ये नव्हे, ओहायोतल्या मध्यम गावात! त्या काळी अमेरिकेत दिवसाच्या टीव्हीवर बायकांसाठी मालिका, बक्षिसांचे खेळ आणि स्वयंपाक असायचा. बाईला दिवसा यापलीकडे काही नको असतं, असं सगळ्या वाहिन्यांनी धरून ठेवलेलं.

आणि ते पायऱ्या चढणं ही कोणाची आखणी नव्हती. त्या केंद्रावरचा आधीचा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम बंद केला होता, पण त्याची तिकिटं आधीच वाटून झालेली. तिकीटवाले आले, तर त्यांना परत कसं पाठवणार? बसवलं स्टुडिओत. मग जाहिरातींच्या वेळात या बायका पाहुण्यांना जे विचारत, ते आपल्या प्रश्नांपेक्षा चांगलं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. तेव्हा तो माईक घेऊन त्यांच्यात शिरला. पुढे २९ वर्षं तसाच. वाद्यवृंद नाही, विनोदांची सलामी नाही. बहुतेक वेळा एक विषय आणि पूर्ण एक तास.

मी एक वही केली होती, तिच्यात तिथे ऐकलेले शब्द लिहायचे. ॲलिमनी (पोटगी), मॅस्टेक्टॉमी (स्तन काढण्याची शस्त्रक्रिया), मेनोपॉज. शब्दकोशात पाहून पुढे मराठी अर्थ. मेनोपॉजपुढे मी ‘पाळी जाणे’ लिहिलं आणि बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत बसले, कारण आईच्या गेल्या दोन पत्रांत ‘हल्ली अंगाची लाही होते, रात्री झोप नाही’ असं होतं आणि मी उत्तरात ‘काळजी घे’ एवढंच लिहिलं होतं. त्या रात्री एअरोग्रामच्या तिन्ही बाजू भरून तिला लिहिलं. आईशी असल्या विषयावर एक अक्षर बोलण्याची ती माझी पहिली वेळ.

पण या प्रकारच्या कार्यक्रमाची सुरुवात ओप्रा विन्फ्रीने केली ना? – एक वाचक, सांगली

नाही. ओप्राने तो कळसाला नेला, पाया डोनाह्यूचा. खुद्द ओप्राने हे वारंवार सांगितलं आहे की डोनाह्यू नसता तर आपला कार्यक्रम झाला नसता.

मी ते बदलताना समोर पाहिलं. डोनाह्यूने १९७४ साली डेटनहून मुक्काम शिकागोला हलवला. त्याच गावात जानेवारी १९८४मध्ये ओप्रा ‘एएम शिकागो’ नावाच्या सकाळच्या कार्यक्रमावर आली, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या घरच्या मैदानात त्याच्या पुढे गेली. आमच्या इमारतीतल्या बायका आधी चोरून आणि मग उघड तिच्याकडे वळल्या. मीही. १९८५च्या आरंभी तो न्यूयॉर्कला गेला. ओप्राचा कार्यक्रम ८ सप्टेंबर १९८६पासून देशभर दिसू लागला आणि मे २०११पर्यंत चालला. फरक माझ्या मते एवढाच की तो प्रश्न घेऊन यायचा आणि ती स्वतःचं दुःख घेऊन यायची. तिच्यापुढे लोक रडले. त्याच्यापुढे लोक भांडले, आणि मला ते भांडण जास्त उपयोगी पडलं.

टीव्हीवर लोकांची घरगुती लफडी चव्हाट्यावर मांडायची, हाच ना तो प्रकार? असल्या माणसाचं एवढं कौतुक करावं का? – एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

सर, तुमची तक्रार खोटी नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अशा कार्यक्रमांची रांग लागली. १९८८ साली जेराल्डो रिव्हेरा या सूत्रधाराच्या स्टुडिओत खुर्च्या फेकल्या गेल्या आणि त्याचं नाक मोडलं. डोनाह्यूही त्या शर्यतीत ओढला गेला. एका भागात तो स्वतः स्कर्ट घालून आला होता. १९९४ साली उत्तर कॅरोलायनातली एक फाशीची शिक्षा टीव्हीवर दाखवू द्या म्हणून तो न्यायालयात गेला आणि हरला. मृत्युदंड कसा असतो ते लोकांनी डोळ्यांनी पाहावं, असा त्याचा मुद्दा होता. मला तेव्हाही तो पटला नाही, आज तर नाहीच.

तरी कौतुक करते, आणि त्याचं कारण रायन व्हाइट. इंडियाना राज्यातला हा मुलगा. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, त्यासाठी दिलेल्या रक्तघटकातून त्याला एड्सची लागण झाली आणि शाळेने त्याला दारातून परत पाठवलं. लोक त्याच्या हाताला हात लावायला घाबरत होते. डोनाह्यूने या रोगावर १९८२ सालीच, तो नाव घेऊन बोलायची कोणाची तयारी नसताना, कार्यक्रम केला होता. पुढे रायनच्या कुटुंबाशी त्याचा घरोबा झाला. एप्रिल १९९०मध्ये अठराव्या वर्षी रायन गेला, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत डोनाह्यू होता. सर, खांदा कोणाला देतात हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही.

आणखी एक. शीतयुद्ध चालू असताना त्याने आणि सोव्हिएत पत्रकार व्लादिमीर पोझ्नर यांनी उपग्रहाने दोन स्टुडिओ जोडले. १९८६ साली एकीकडे बॉस्टनच्या बायका, दुसरीकडे लेनिनग्राडच्या. एका अमेरिकन बाईने विचारलं की आमच्या जाहिरातींत सगळं लैंगिकतेभोवती फिरतं, तुमच्याकडेही तसंच आहे का? समोरची म्हणाली, आमच्याकडे सेक्स नाही. दोन्ही देशांत एकच हशा उसळला, आणि ‘सेक्स आहे, जाहिराती नाहीत’ ही मागून आलेली दुरुस्ती त्यात बुडून गेली. रशियात ते अर्धं वाक्य अजून म्हणीसारखं वापरतात. पण ज्या देशावर बॉम्ब पडतील म्हणून आमच्या शेजारणी घाबरायच्या, त्या देशाच्या बायका आपल्यासारख्याच लाजतात आणि हसतात, हे घरबसल्या दुसऱ्या कुठे दिसलं असतं?

मी वृत्तपत्रविद्येच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला मुलाखतकार व्हायचं आहे. त्याच्याकडून मी काय घेऊ? – एक विद्यार्थिनी, ठाणे

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्याचे जुने भाग मिळतील, ते पाहा. पण पहिल्यांदा आवाज बंद करून. माईक तो सहसा कोणाच्या हातात देत नसे हे तुला दिसेल. दिला की तो परत मागताना हिसकावावा लागतो. स्वतः धरला तर हात थोडा जवळ-लांब करून बाईला धीरही देता येतो आणि थांबवताही येतं. मग आवाज लाव आणि फोन घेताना ऐक. ‘फोनवर आहात ना?’ असं तो विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. टीव्हीवर ते दोन सेकंद फार लांब वाटतात, सूत्रधाराची जीभ वळवळते. त्याने ते दोन सेकंद त्या बाईचे मानले.

त्याचा दोष मात्र घेऊ नकोस: तो मध्येच तोडायचा. उत्तर तोंडात असतानाच पुढच्या पायरीवर.

आणि नोकरीबद्दल खरं ते सांगते, कारण तुला कोणी सांगणार नाही. कार्यक्रम १९९६ साली संपला. टीव्हीसाठी दिले जाणारे वीस एमी पुरस्कार आणि सुमारे सात हजार भाग, एवढी पुंजी. २००२ साली एमएसएनबीसी वाहिनीने त्याला रात्रीच्या कार्यक्रमासाठी परत बोलावलं. इराकवर हल्ला करू नये म्हणणाऱ्यांना तो पाहुणे म्हणून आणायचा. त्या वाहिनीवर सगळ्यांत जास्त प्रेक्षक त्याचे असताना, फेब्रुवारी २००३मध्ये, युद्ध सुरू होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, तो कार्यक्रम बंद झाला. युद्धाच्या काळात हा चेहरा अडचणीचा ठरेल, अशा आशयाचं वाहिनीतलं टिपण नंतर वर्तमानपत्रांत आलं. तेव्हा तो ६७ वर्षांचा होता. गप्प बसून निवृत्त होता आलं असतं. त्याने पाठीच्या कण्यात गोळी लागून पांगळा झालेल्या एका तरुण सैनिकावर, एलन स्पायरो या दिग्दर्शिकेबरोबर, माहितीपट केला. मे २०२४मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी त्याला स्वातंत्र्यपदक दिलं आणि त्याच वर्षी १८ ऑगस्टला, ८८व्या वर्षी तो गेला. बातमी वाचली तेव्हा मी पुण्यात होते. कपाट उघडून ती वही काढली.

तुमच्या घरच्यांना हा कार्यक्रम कसा वाटायचा? – एक वाचक, वर्धा

ह्यांना वेळच नव्हता. आई १९८३च्या उन्हाळ्यात आली होती, माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला. इंग्रजी तिला अक्षर येत नव्हतं, पण भाजी निवडायला घेऊन ती माझ्या शेजारी बसायची. पहिले दोन दिवस नुसती पाहत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘हा माणूस खाली बसत का नाही गं?’ मी सांगितलं की तो सगळ्यांचं ऐकायला फिरतो. तिने घेवड्याच्या शिरा काढत मान हलवली.

थोड्या वेळाने तो एका म्हाताऱ्या बाईपाशी थांबला, तिने बोलायला सुरुवात केली आणि तो पुढे सरकला. आईने शेंग ताटात ठेवली.

‘तिचं झालं नव्हतं,’ ती म्हणाली. ‘परत जायला सांग त्याला.’