पॉइंटर कास्ट केल्याने वस्तूचा टाइप बदलत नाही

सी भाषेत फ्लोटचे (दशांश संख्येचे) बिट बघायला तू त्याचा पत्ता इंट पॉइंटरमध्ये कास्ट करतोयस, म्हणजे तो पूर्णांकाचा पत्ता आहे असं सांगतोयस. ओ-झीरोला, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असताना, चालतं; ओ-टूला, म्हणजे ते चालू असताना, बिघडतं. कारण जीसीसी या कंपायलरमध्ये ओ-टूला स्ट्रिक्ट एलियासिंग आपोआप सुरू होतं. म्हणजे इंट पॉइंटरने लिहिलेलं फ्लोटला लागणारच नाही, असं कंपायलर धरून चालतो आणि रजिस्टरमधली जुनी किंमत वापरू शकतो. हा कंपायलरचा बग नाही, सी ९९ च्या ६.५ कलमातला नियम आहे.

जीसीसीच्या मॅन्युअलमधला युनियनचा (एकाच जागेत वेगवेगळ्या टाइपचे मेंबर ठेवणाऱ्या रचनेचा) भाग मात्र सावकाश वाच, गल्लत तिथेच होते. एका मेंबरमध्ये लिहून दुसऱ्यातून वाचायला जीसीसी परवानगी देतं, पण वाचन थेट युनियनमधून हवं. युनियनमधल्या इंट मेंबरचा पत्ता वेगळ्या इंट पॉइंटरमध्ये घेऊन वाचलंस, तर हमी संपली, जरी टाइप बरोबर दिसत असला तरी.

कॅर (एका बाइटचा टाइप) पॉइंटरने कशाचेही बाइट वाच. उलट दिशेने, म्हणजे कॅर ॲरे इंट म्हणून, नको. नेटवर्कचं पॅकेट वाचताना ही चूक हमखास होते.

माझं ऐकशील तर सरळ मेमकॉपी, म्हणजे बाइट जसेच्या तसे नकलणारं फंक्शन, वापर. आकार आधीच माहीत असला, की ओ-टूला चार बाइटांची ती कॉपी बहुतेक वेळा प्रोसेसरच्या एका मूव्ह सूचनेवर येते. लिनक्स कर्नल नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग हा फ्लॅग लावून, म्हणजे स्ट्रिक्ट एलियासिंग बंद करून, बांधतात, पण तुझ्या लायब्ररीचे वापरकर्ते तो फ्लॅग लावतीलच असं नाही.