आण्विक नव्हे, केंद्रकीय!

'न्यूक्लिअर रिसेप्टर'ला (पेशीतले असे प्रथिन, ज्यावर एखादे रसायन येऊन बसले की ते जनुकांना कामाला लावते) 'आण्विक ग्राही' म्हटलेले चालेल का, आणि 'झेनोबायोटिक'ला (शरीराबाहेरून आलेल्या रसायनाला) मराठीत काय म्हणावे, असे एकाने विचारले आहे.

आण्विक अजिबात नको. आरोग्यावरच्या लेखांत हा शब्द वाचला की यकृतात अणुभट्टी बसवल्यासारखे वाटते. इथला न्यूक्लिअस पेशीचा आहे, अणूचा नाही. केंद्रकीय ग्राही म्हणा, विषय संपला.

आता खरी गंमत. 'केंद्रक' हा अस्सल संस्कृत म्हणून मिरवणारे आणि 'न्यूक्लिअस'ला नाक मुरडणारे पंडित एक विसरतात: 'केंद्र' मुळात ग्रीक. 'केन्ट्रॉन' ज्योतिषाच्या वाटेने संस्कृतात शिरला. केन्ट्रॉन म्हणजे टोचायची वस्तू, बैल हाकायची पराणी. त्यावरून कंपासचे रोवलेले टोक, आणि त्यावरून वर्तुळमध्य. लॅटिन 'न्यूक्लिअस' म्हणजे कवचाच्या फळातला गर. लॅटिन गर टाकून ग्रीक पराणी उचलली, आणि म्हणे स्वदेशी!

पण माझ्या मते ही पराणीच इथे चपखल बसते. १९९८ साली ओळखल्या गेलेल्या पीएक्सआर (प्रेग्नेन एक्स रिसेप्टर) या केंद्रकीय ग्राहीचेच बघा. रसायन बसण्याची याची खोबण ऐसपैस आणि लवचीक, त्यामुळे नाना आकारांची रसायने तिच्यात मावतात. क्षयावरचे रिफाम्पिसिन तिथे बसले की पीएक्सआर हा आरएक्सआर नावाच्या जोडीदार ग्राहीसह डीएनएवर बसतो आणि जनुकांना टोचून कामाला लावतो. मग यकृतात सीवायपी३ए४ हे औषधे मोडणारे विकर (एन्झाइम) वाढते आणि इतर औषधांचाही फडशा पाडते. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा उरत नाही, तो यामुळेच.

राहिले झेनोबायोटिक. 'परकीय रसायन' हा कोशातल्यासारखा प्रतिशब्द अर्धाच. ग्रीक 'झेनोस' म्हणजे परका, तसाच पाहुणाही. शिवाय झेनोबायोटिक ओळखणारा म्हणवला जाणारा पीएक्सआर आप-पर पाहतो कुठे? आपल्याच पित्तातले लिथोकोलिक आम्लही त्याला चेतवते. उलट माणसाच्या पीएक्सआरला जागे करणाऱ्या रिफाम्पिसिनला उंदराचा पीएक्सआर फारशी दाद देत नाही. तेव्हा 'परके ओळखणारा पहारेकरी' वगैरे लिहिणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे.

हां, प्रतिशब्द हवाच असेल तर 'परद्रव्य' चालवा. 'परजीवी द्रव्य' मात्र नको. परजीवी म्हणजे जंत आणि उवा.