वाचकांचे प्रश्न : आमची आई कुठल्या आकड्यात धरली?

मागच्या अंकात मी एका उत्तरात सहज लिहिलं होतं की कोरोनात नेमके किती गेले हा वाद अजून मिटलेला नाही, तर त्यावर इतके मेसेज आले की यावेळचं सदर पूर्ण त्यालाच देतेय. एकांनी लिहिलंय, मॅडम आता इतकी वर्षं झाली, कशाला उकरून काढताय. मला नाही पटत ते. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात ते अजून चालूच आहे, आणि मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे आकडे लोकांना नीट कुणी समजावून सांगितले नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. तीन प्रश्न घेतलेत. तिसऱ्याला वेळ लागणार आहे, पहिले दोन पटकन बघू.

मॅडम, २०२० च्या उन्हाळ्यात आपल्या सोलापूर शहराचा मृत्युदर राज्यात वरच्या नंबरात असायचा. पाहुणे फोन करून विचारायचे, तुमच्याकडे इलाज होत नाही का म्हणून. खरंच तसं होतं का? – एक वाचक, साखर पेठ

दादा, तो जो मृत्युदर रोज सांगायचे ना, त्यात वर मयत आणि खाली पॉझिटिव्ह. सगळ्यांचं लक्ष वरच्या आकड्याकडे, आणि गोम असते खालच्यात. समजा एका शहरात १० माणसं गेली. तिथं फक्त धाप लागलेल्यांच्याच टेस्ट केल्या आणि १०० पॉझिटिव्ह निघाले तर दर १० टक्के. त्याच शहरात घरोघर जाऊन टेस्ट केल्या आणि १००० पॉझिटिव्ह निघाले तर दर १ टक्का. दवाखाना तोच, डॉक्टर तेच, गेलेली माणसं तीच. त्या उन्हाळ्यात टेस्ट किती कमी होत होत्या ते आठवा, रिपोर्टला किती दिवस लागायचे ते आठवा.

आणि खालचा आकडा किती अपुरा होता ते नंतर कळलंच. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, जून-जुलै २०२१ मध्ये देशभर रक्त तपासलं, सहा वर्षांच्या वरच्या ६७.६ टक्के लोकांत अँटीबॉडी (कोरोना होऊन गेल्याची किंवा लस घेतल्याची रक्तातली खूण) सापडल्या, लस न घेतलेल्यांत सुद्धा ६२.३ टक्के. तेव्हा देशात पॉझिटिव्ह म्हणून नोंद झालेले होते तीन कोटींच्या आसपास. म्हणजे ज्यांना होऊन गेला त्यातले बहुतेक लोक कुठल्याच यादीत नव्हते.

पण म्हणून मी असं नाही म्हणणार की सोलापुरात सगळं ठीक होतं. आपल्या पूर्व भागात एका खोलीत सहा-सहा माणसं, त्यात विडी आणि यंत्रमागाची कामं करून आधीच खोकणारी, आणि क्वारंटाइनला उचलून नेतील या भीतीने लोक अगदी ऑक्सिजन खाली गेल्यावर सिव्हिलला यायचे. उशिरा आलेलं माणूस वाचणं अवघडच. दर फुगलेला पण होता आणि माणसं जास्त दगावत पण होती, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. अजून एक, दोन गावांची तुलना करताना वय विचारायचं. २०२० च्या सुरुवातीला इटलीचा एकूण मृत्युदर चीनपेक्षा जास्त दिसायचा, पण वयाचे गट पाडून बघितलं तर प्रत्येक गटात चीनचाच जास्त निघाला. कारण एवढंच की इटलीत पॉझिटिव्ह निघालेल्यांत म्हातारी माणसं खूप होती.

आमच्या ग्रुपवर अजून फिरतं की दवाखान्यात ऍडमिट झालेल्यांत लस घेतलेलेच जास्त होते, मग लसीचा उपयोग काय झाला? – एक वाचक, बार्शी

हिशोब करून बघा. धरून चालू की गावात १००० माणसं आहेत, ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. घेतलेल्यांतले ९ ऍडमिट झाले, न घेतलेल्यांतले ५. दवाखान्यात उभं राहून मोजलं तर १४ पैकी ९ लसवाले, म्हणजे निम्म्याहून जास्त. पण ९०० तले ९ म्हणजे शंभरात १, आणि १०० तले ५ म्हणजे शंभरात ५. जिथं जवळजवळ सगळ्यांनीच लस घेतलीय तिथं ऍडमिट होणाऱ्यांत लसवालेच जास्त दिसणार. हे वहीत एकदा मांडून ग्रुपवर टाका, आणि टाकताना कुणाला अडाणी वगैरे म्हणू नका, भले भले शिकलेले इथंच चुकतात.

नमस्कार मॅडम. माझी आई विड्या वळायची. एप्रिल २०२१ मध्ये गेली. ताप खोकला होता, छातीच्या एचआरसीटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी १७ आला, तीन ठिकाणी फिरलो कुठं बेड मिळाला नाही, शेवटी घरी आणलं आणि चौथ्या दिवशी पहाटे गेली. स्वॅब द्यायचा राहूनच गेला. नंतर मृत्यूचा दाखला मिळाला त्यावर कोरोना असं काहीच नाही. माझे दाजी म्हणतात देशात ५ लाखच गेले, सरकारी आकडा बरोबर, ते डब्ल्यूएचओचं ४७ लाख म्हणजे नुसती बदनामी. मी म्हणतो ४७ लाखच खरे. आता ह्यावरून आमचं बोलणं बंद झालंय. कुणाचं बरोबर? आणि आमची आई नेमकी कुठल्या आकड्यात धरली? – एक वाचक, विडी घरकुल

भाऊ, तुमचं पत्र मी दोन दिवस जवळ ठेवलं होतं. आधी दाखल्याचं सांगते कारण ते मनाला लावून घेतलेली खूप माणसं मला भेटलीत. मृत्यूच्या दाखल्यावर कारण कुणाच्याच लिहिलेलं नसतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदाच असा आहे की दाखला देताना कारण उघड करायचं नाही. हार्ट अटॅक असो, अपघात असो, कोरोना असो, दाखला कोराच. कारण असतं ते वेगळ्या फॉर्मवर, दवाखान्यात मृत्यू झाला तर फॉर्म ४, घरी झाला आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तर ४ ए. आणि देशात जेवढे मृत्यू नोंदले जातात त्यातल्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी मृत्यूंना डॉक्टरने लिहिलेलं कारण असतं, २०२० मध्ये ते २२.५ टक्के होतं. म्हणून दाखल्यावर कोरोना नाही याचा अर्थ तुमच्या आईला कोरोना नव्हता असा होत नाही, तसा कुणी काढला असेल तर तो चुकीचा.

आता दाजींचा आकडा. २०२१ संपताना सरकारी आकडा होता ४ लाख ८१ हजारांच्या आसपास, नंतर वाढत वाढत ५ लाख ३३ हजारांवर गेला. यात कोण येतं? ज्याची टेस्ट झाली, बहुतेक करून जो दवाखान्यात होता, आणि ज्याचा कागद दवाखान्यातून महापालिकेत, तिथून जिल्ह्याला, तिथून राज्याला वेळेत गेला. मधे कुठं कागद अडकला की माणूस यादीतून गायब. हे मी मनाचं सांगत नाहीये, १६ जून २०२० ला आपल्याच राज्याने राहून गेलेले १३२८ मृत्यू एका दिवसात यादीत घातले, पुढं जून २०२१ मध्ये बिहारने ३९५१. त्या दिवशी टीव्हीवर आकडा उसळला आणि लोक घाबरले, पण त्या दिवशी एवढी माणसं गेली नव्हती, ती आधीच गेली होती, कागद त्या दिवशी आला.

तुमची आई या आकड्यात नाही भाऊ. स्वॅब नाही, बेड नाही, म्हणजे त्या यादीत जायचा रस्ताच नव्हता. अशी घरं किती होती याचा एक अंदाज नंतर आला. सुप्रीम कोर्टाने ५० हजारांची मदत द्यायला लावली, टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत गेलेलं माणूस पण धरायला सांगितलं, कागदाची अडचण असेल तर जिल्ह्याच्या कमिटीकडे जायची सोय ठेवली. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रातून दोन लाखांच्या वर अर्ज आले होते आणि राज्याचा सरकारी आकडा तेव्हा होता १ लाख ४१ हजारांच्या घरात. काही अर्ज डबल असतील, काही चुकीचे असतील, ते मान्य. पण गुजरातमध्ये १० हजारांच्या आकड्यावर ६८ हजार अर्ज मंजूर झाले, नुसते आले नाहीत, मंजूर झाले.

मग तुमचा आकडा. ४७ लाख हे डब्ल्यूएचओने मे २०२२ मध्ये सांगितलं, आणि इथं तुम्हाला जरा थांबवते. ही कोरोनाच्या मृत्यूंची मोजणी नाहीये. एरवी दोन वर्षांत जितके गेले असते त्यापेक्षा किती जास्त गेले, त्याचा तो अंदाज आहे. त्यात कोरोनाने गेलेले आले, डायलिसिस चुकल्यामुळे गेलेले आले, अटॅक आला आणि रिक्षा मिळाली नाही ते पण आले, आणि लॉकडाऊनमध्ये जे अपघात टळले ते वजा झाले. भारताचा पूर्ण डेटा त्यांच्याकडे नव्हता, १७ राज्यांच्या आकड्यांवरून त्यांनी देशाचं गणित बसवलं. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की खरा आकडा साधारण ३३ लाख ते ६५ लाखांच्या मधे कुठंही असू शकतो. मधला ४७ तेवढा पेपरात आला. सरकारने या पद्धतीवर आक्षेप घेतला तो सगळाच खोटा होता असं मी म्हणणार नाही, मॉडेलवर प्रश्न विचारायलाच पाहिजेत.

पण आता मॉडेल लागतच नाही, आणि हेच दाजींना सांगा. मे २०२५ मध्ये सरकारच्याच नोंदणी खात्याचे २०२१ चे आकडे बाहेर आले. यात अंदाज नाही, ग्रामपंचायतीत आणि महापालिकेत प्रत्यक्ष नोंदलेले मृत्यू, कारण काहीही असो. २०१८ ला ६९.५ लाख, २०१९ ला ७६.४ लाख, २०२० ला ८१.२ लाख आणि २०२१ ला १ कोटी २ लाख.

हे चार आकडे कागदावर एकाखाली एक लिहा आणि दाजींसोबत बसून बघा. २०१९ ते २०२० ला पावणेपाच-पाच लाखांची वाढ, पण त्याच्या आदल्या वर्षी कोरोना नसताना पण सात लाखांच्या जवळ वाढ झालीच होती, कारण लोक नोंद जास्त करायला लागले होते. म्हणजे २०२० च्या वाढीवरून लगेच निष्कर्ष काढू नका असं सरकार म्हणत होतं त्यात दम होता, इथं दाजींना मार्क द्या. पण एका वर्षात २१ लाख? नोंदणी सुधारली म्हणून? सुधारणा झाली असती तर ती पुढच्या वर्षी पण टिकली असती ना, २०२२ ला आकडा परत ८६ लाखांच्या घरात आला. नोंद करायची सवय लोक एका वर्षात विसरत नाहीत. आणि त्याच २०२१ मध्ये कोरोनाचे म्हणून सरकारी यादीत चढले ३ लाख ३२ हजारांच्या आसपास.

माझं मत विचारलंत तर स्पष्ट सांगते. देशात ५ लाखच गेले हे आता सरकारच्याच रजिस्टरसमोर टिकत नाही. बरोबर ४७ लाख गेले हे पण कुणी छातीठोक सांगू नये, २० लाखांच्या कितीतरी वर जादा मृत्यू झाले इतकं मात्र मी न घाबरता म्हणेन. तुम्ही दोघं भांडताय ते दोन वेगळ्या मोजण्यांवरून, त्यांचा आकडा टेस्ट झालेल्यांचा आणि तुमचा जादा गेलेल्यांचा.

हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. १९१८ चा मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आपल्या आजी-पणजींच्या तोंडी असायचा तो, त्यात तेव्हाच्या इंग्रज सरकारने देशात साधारण ६० लाख गेले असं धरलं होतं. नंतर १९२१ ची जनगणना झाली आणि कळलं की दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटलीय. त्यावरून पुढच्या अभ्यासकांनी हिशोब मांडले ते सव्वा कोटीपासून पावणेदोन-दोन कोटींपर्यंत गेले. सरकारी मोजणीत सुटलेली माणसं जनगणनेत अशी सापडली. आपल्या वेळी २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता ती १ मार्च २०२७ च्या तारखेने होणार आहे, म्हणजे मधे सहा वर्षं गेली, स्थलांतर झालं, गावं रिकामी झाली, शहरं वाढली. मला याचा खरंच राग येतो. जी गोष्ट ताळा करून बघायला हाताशी असायला पाहिजे होती तीच नाहीये.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिला. तुमच्या आईंचा दाखला तुमच्याकडे आहे म्हणजे महापालिकेच्या रजिस्टरला त्यांचं नाव, वय, तारीख सगळं चढलेलं आहे. दाखल्यावर नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख असते ती बघा, तारीख २०२१ ची असेल तर त्या १ कोटी २ लाखांत एक त्या आहेत. कोरोनाच्या यादीत नाहीत, या यादीत आहेत. दाजी जो आकडा सरकारी म्हणून मानतात ना, हा पण सरकारीच आहे, दिवाळीला त्यांना घरी बोलवा आणि दाखला समोर ठेवा.