कॉन्झर्व्हेटिव्ह, वनसंरक्षक आणि राखण

नाशिकहून एका वाचक भगिनीचा प्रश्न आला आहे: "आमचे सासरे जुन्या वळणाचे. सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाऊन आल्याशिवाय चहा घेत नाहीत. पण कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडणार असं कानावर आलं, तेव्हा घरात सगळ्यात आधी तेच विरोधाला उभे राहिले. मुलगा विचारतो, आजोबा पुराणमतवादी आहेत ना, मग पर्यावरणवादी कसे? कॉन्झर्व्हेटिव्हला मराठीत नेमकं काय म्हणायचं?"

मुलाची चूक नाही. चूक 'पुराणमतवादी' या शब्दाची आहे आणि ती आपली वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे करत आली आहेत. ब्रिटनमध्ये निवडणूक लागली की 'पुराणमतवादी पक्ष' छापून मोकळे होतात. पुराणमत म्हणजे जुने मत. कॉन्झर्व्हेटिव्ह या शब्दात ना जुने आहे, ना मत. लॅटिन 'सेर्वारे' म्हणजे राखणे, सांभाळणे. मागे 'कॉन' हा उपसर्ग. बस्स. काय राखायचे ते शब्द सांगत नाही. 'सनातनी' हा धर्माच्या वादातला शब्द, तो इथे नको. आपल्या जुन्या वर्तमानपत्रांचा 'हुजूर पक्ष' मजूर पक्षाशी झकास जुळायचा, पण त्यातून कळते ते एवढेच की ही मंडळी दरबारी. राजकारणातला अर्थही फार जुना नाही. फ्रेंच लेखक शातोब्रियाँने १८१८ मध्ये 'ल कॉन्सर्व्हातर' नावाचे नियतकालिक काढले आणि १८३० नंतर ब्रिटनच्या टोरींनी, म्हणजे याच हुजूर पक्षवाल्यांनी, हे नाव उचलले.

आता खरी गंमत. हाच शब्द त्याआधीपासून आपल्या जंगलात होता! मलबारच्या सागासाठी कंपनी सरकारने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन याला 'कॉन्झर्व्हेटर ऑफ फॉरेस्ट्स' नेमले. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये ते पद डॉ. अलेक्झांडर गिब्सनकडे आले. हा मूळचा शल्यवैद्य, पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी वनस्पती-बाग सांभाळणारा. कोकणात डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हे त्याने सरकारला लिहून कळवले होते. पुढे १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. निवृत्तीनंतर युरोपात त्याने एका तरुण अमेरिकन विद्यार्थ्याला मार्गदर्शन केले. तो विद्यार्थी गिफर्ड पिंशो, अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख. जंगल, पाणी, माती, खनिजे या सगळ्यांच्या जपणुकीला मिळून एक नाव हवे म्हणून १९०७ च्या सुमारास पिंशो आणि त्याचा सहकारी ओव्हरटन प्राइस शब्द शोधत होते. पिंशोने स्वतःच लिहून ठेवले आहे की हिंदुस्थानात सरकारी जंगलांच्या विभागांना कॉन्झर्व्हन्सी आणि अधिकाऱ्यांना कॉन्झर्व्हेटर म्हणतात, हे त्यांना आठवले आणि त्यातून 'कॉन्झर्व्हेशन' ठरले. आज जगभर मिरवणारा हा शब्द त्या अर्थाने आपल्या वनखात्यातून गेलेला आहे.

नाशिकच्या वनखात्यात जाऊन दारावरची पाटी वाचा: वनसंरक्षक. तोच कॉन्झर्व्हेटर. लॅटिनमध्ये जुळे असलेले दोन भाऊ मराठीत आल्यावर एकाला संरक्षकाची खुर्ची मिळाली आणि दुसऱ्याला पुराणमतवादी हा शिक्का. मग नातवाला आजोबा कोड्यात टाकणारे वाटले तर नवल काय?

इतिहासात हे दोन भाऊ तितके लांब नव्हते. ज्याच्या कारकिर्दीत पिंशोने काम केले तो थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन, म्हणजे आज अमेरिकेत कॉन्झर्व्हेटिव्ह समजल्या जाणाऱ्या पक्षाचा. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था १९७० मध्ये सुरू झाली ती त्याच पक्षाच्या निक्सनच्या काळात. लंडनच्या धुरक्यानंतरचा १९५६ चा स्वच्छ हवा कायदा हुजूर पक्षाच्या सरकारचा. त्याच पक्षाच्या मार्गारेट थॅचर शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. १९८८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हवामानबदलाचा धोका मांडला, तेव्हा बहुतेक पुढाऱ्यांच्या तोंडी तो विषयही नव्हता. रिपब्लिकन रेगनने व्हाइट हाउसच्या छपरावरची सौरयंत्रे १९८६ मध्ये उतरवली, हेही तितकेच खरे. बाजाराच्या आड काही येऊ नये म्हणणारे स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवू लागले तेव्हापासून शब्द आणि माणूस यांची फारकत झाली. डोंगर फोडू द्या म्हणणारा काय राखतो, ते मला कोणी सांगावे.

कॉन्झर्व्हेटिव्ह विचाराचा मूळपुरुष ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क. समाज म्हणजे मेलेले, जिवंत आणि अजून जन्मायचे आहेत त्या सगळ्यांची भागीदारी, असे त्याने १७९० मध्ये मांडले. मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही, कारण आपला 'परंपरा' हा शब्द नेमके हेच सांगतो. आपण तो कायम मागे तोंड करून वापरतो, पण त्यात आहे 'पर' आणि त्याच्या 'पर': एकापुढे एक, त्याच्यापुढे आणखी एक. पाणिनीने एकाच सूत्रात (५.२.१०) तीन शब्द शेजारी बसवले आहेत: परोवरीण, परंपरीण आणि पुत्रपौत्रीण. शेवटच्या शब्दाकडे नीट बघा. मुला-नातवांपर्यंत पोचणारे ते पुत्रपौत्रीण. परंपरेच्या शेजारी नातू बसलेला आहे आणि तिथे तो व्याकरणाने बसवला आहे!

आता सरकारी परिभाषेशी माझे भांडण. कॉन्झर्व्हेशन या एका शब्दाची मातीत गेल्यावर 'मृद व जलसंधारण' होते, विजेत 'ऊर्जाबचत', जंगलात 'संरक्षण' आणि पाखरांपाशी 'संवर्धन'. नाशिकजवळचे बोरगड २००८ मध्ये आणि अंजनेरी २०१७ मध्ये 'संवर्धन राखीव' झाले. संवर्धन म्हणजे वाढवणे. मत्स्यसंवर्धनात ते शोभते, कारण तिथे मासे वाढवायचेच असतात. अंजनेरीच्या कड्यावर गिधाडांची घरटी आहेत. तिथे माणसाने काही वाढवायचे नाही, आहे त्याला धक्का लागू द्यायचा नाही. परिभाषेवाले म्हणतात, संवर्धनात जोपासना येते. येते, पण जोपासना म्हणजे राखण नव्हे. आणि त्याच नावात पुढे 'राखीव' हा अस्सल मराठी शब्द बसलेला असताना त्याच्या मागे संवर्धन जोडायची गरजच काय होती?

राखणे हेच क्रियापद. संस्कृत रक्ष्, प्राकृत रक्ख, मराठी राख. गुरे राखतात, शेत राखतात, शब्द राखतात, मान राखतात, कोकणात गावाची वेस राखणारा देव राखणदार असतो. घाटातल्या देवरायांवर माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला. त्या राया गावकऱ्यांनी देवाच्या धाकाने राखलेल्या, तिथे ना कायदा होता ना पाटी. शिवाय नाशिकला गोदावरीच्या रामकुंडावर जे सोडतात त्यालाही मराठीत रक्षाच म्हणतात: रक्षाविसर्जन. राखणारी ती रक्षा आणि उरलेली राख तीही रक्षा. हा निव्वळ योगायोग, असे म्हणणारे आहेत. मला ते मुळीच मान्य नाही. लेकराच्या कपाळी लावायचा अंगारा हाही राखण करणारी राखच आहे. दोन्ही अर्थ त्या बोटाच्या टोकाला एकत्र येतात. संस्कृत कोशांनी 'रक्षा'खाली भस्म हा अर्थ दिला आहे तो उगीच नव्हे. आणि ती रक्षा ज्या पाण्यात विरते, त्याच्या तळाशी गेल्या काही दशकांत आपण काँक्रिट ओतले, कुंडांच्या झऱ्यांवर. या कामाला परंपरेचे नाव देणाऱ्याने शब्दकोश उघडावा.

एक गोष्ट राहते. राखीव म्हटले की कोणापासून राखीव, हे विचारावेच लागते. १८७८ च्या वनकायद्याने जंगल राखीव केले ते चराईच्या गुरांपासून आणि आदिवासींपासूनही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये जंगलखात्यावर ओढलेला आसूड त्यासाठीच होता. गिब्सनच्या खात्यालाही झऱ्यांइतकीच गोदीच्या सागवानाची काळजी होती.

तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्हला माझा शब्द 'राखणवादी'. पक्षाचे नाव लिहिताना 'हुजूर पक्ष' चालेल, कारण वाचकाला तो लगेच कळतो. विचार सांगायचा असेल तिथे मात्र राखणवादीच लिहा, आणि त्याने काय राखले ते पुढच्या वाक्यात नाव घेऊन सांगा.